सुमतीबाईंसमोरचे दोन कागद

सदाशिव पेठेतल्या आपल्या फ्लॅटचं दार सुमतीबाई अर्धंच उघडायच्या आणि म्हणायच्या, "घटस्फोट ज्यांना हवाय तेवढेच आत या. बाकीच्यांनी खाली चहा प्यावा." माझ्या दादाला त्यांनी असंच दारातून परत पाठवलं. आई तर माझी ओटी भरायला खण-नारळ घेऊन आली होती. मध्यस्थ म्हणजे समेट घडवणार, अशी तिची भाबडी समजूत. बाईंनी नारळाकडे पाहिलं. "मी संसार जोडत नाही हो. न भांडता वेगळं कसं व्हायचं, ते बघते. नारळ घरी न्या, आमटीत घाला."

वीस वर्षं त्यांनी वकिली केली. नवरा-बायकोंना एकमेकांवर चिखल उडवायला शिकवून विटल्या आणि कोर्ट सोडलं. आता त्या दोघांना समोरासमोर बसवून अटी ठरवायला लावायच्या. त्यावर शिक्का तेवढा कोर्टाचा. जुने सहकारी हसायचे. "हसू देत. त्यांना पक्षकार कमी पडत नाहीत," एवढंच त्या म्हणायच्या.

मी आणि माझा नवरा निखिल, दोघंही हिंजवडीला आयटीत. सगळं अडलं होतं ते आमच्या सात वर्षांच्या मुलीवरून, सईवरून. ती मलाच मिळणार याची मला खात्री होती. माझ्या वकिलाने तर निखिल दारुडा असल्याचं अर्जात लिहूनही ठेवलं होतं. निखिल वर्षातून दोनदा बिअर प्यायचा. मी ते वाक्य खोडलं नव्हतं, याची आजही लाज वाटते.

बाईंनी आम्हा दोघांपुढे एकेक कोरा कागद ठेवला. "सईचा कालचा दिवस लिहा. उठल्यापासून झोपेपर्यंत."

मी भराभर चार ओळी लिहिल्या आणि अडकले. अमेरिकेच्या क्लायंटमुळे मी दुपारी निघायचे, ती झोपल्यावर परतायचे. निखिल मात्र पाठपोट लिहीत होता. गणिताच्या बाईंना ती घाबरते, डब्यातली भेंडी मैत्रिणीला देते, झोपताना पायावर पांघरूण नको असतं. मला यातलं काहीच माहीत नव्हतं. मी चिडले. "ही काय परीक्षा आहे?"

"नाही. तुम्ही नापासही झालेला नाहीत. सईच्या संध्याकाळी घरी कोण असतं, एवढंच कळलं. आता काय ते तुम्ही दोघांनी ठरवा. घाई नाही."

आठवडाभर मी धड जेवले नाही. मग जाऊन सांगितलं, शाळेचे दिवस सई निखिलकडे राहील, शनिवार-रविवार आणि निम्मी सुट्टी माझ्याकडे. दारूचा तो अर्ज मी तिथेच फाडला. निखिल रडला, मीही रडले.

सह्यांच्या दिवशी दादाने जिन्यातच अडवलं. "पोटची पोर देऊन टाकतेस? आई आहेस की कोण?" वरून बाईंचा आवाज आला, "अहो, सोमवारपासून संध्याकाळी तिच्याजवळ तुम्ही बसणार आहात का? नाही ना? मग वाट सोडा."

गेल्या वर्षी बाई गेल्या. शोकसभेत माझ्या मागे बसलेले एक गृहस्थ शेजाऱ्याला म्हणाले, "बाईंनी घरं मात्र फार मोडली."

मी उठून उभी राहिले. "त्यातलं एक माझं," सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "सईला माझ्याकडून कोणी हिसकावलं नाही. मीच तिला तिच्या बाबाकडे ठेवलं, आणि पुन्हा वेळ आली तर पुन्हा ठेवीन. आपल्याला काही विचारायचं असेल, तर मोठ्याने विचारा."