वळखलं, बसा

"वळखलं. बसा." आमच्या शाळेच्या खोखो संघाची कर्णधार दवाखान्यातून घरी आली, तेव्हा दारात उभ्या राहणाऱ्या प्रत्येकाला ती एवढंच म्हणायची. पाठ भिंतीला टेकलेली, डोळे अर्धे मिटलेले आणि उजवा हात सतरंजीकडे.

आपल्याकडे आजाऱ्याला भेटायला कसे जातात ते तुम्हीही पाहिलं असेल. त्यात डोक्याला मार म्हटल्यावर विचारूच नका. बदनापूरला स्टेशनामागच्या त्यांच्या दोन खोल्यांत रोज परीक्षाच भरायची. बिस्किटांचा पुडा उशाशी ठेवायचा आणि तिच्या तोंडाशी तोंड नेऊन विचारायचं, "मी कोन? सांग बरं." शेजारची म्हातारी तर दिवसातून दोनदा परीक्षा घ्यायची आणि बाहेर येऊन गल्लीला सांगायची, "मला बराबर वळखती पोरगी." आधी कोणाला ओळखलं, यावरून दोन सोयरे एकमेकांवर रुसल्याचंही मला ठाऊक आहे.

पण त्यांना हसायचा अधिकार मला नाही. मी तिचा खेळाचा मास्तर. मी गेलो तेव्हा ती म्हणाली, "वळखलं, सर. बसा." मी बसलो आणि सगळ्यांसमोर रडलो. दुसऱ्या दिवशी शिक्षकांच्या खोलीत चारदा तरी सांगितलं असेल, "मला पाहताक्षणी ओळखलं तिनं."

रडायला कारण होतं. तालुक्याच्या सामन्यात तिनं खांबाशी सूर मारला. समोरची मुलगी बाद झाली, पण हिचं डोकं खांबावर आपटलं. मी तोंडावर पाणी मारलं, कांदा हुंगवला आणि विचारलं, "ठीक आहेस ना?" नववीतली पोर, त्यात कर्णधार. ती काय नाही म्हणणार? डाव संपायला थोडाच वेळ होता, आम्ही मागे होतो, आणि मी तिला परत मैदानात पाठवलं. खो मिळताच ती भलत्याच दिशेनं धावत सुटली. सगळं मैदान हसलं. मीही हसलो. मग ती रेघेवर बसली, ओकली आणि तिथंच आडवी झाली.

संभाजीनगरच्या डॉक्टरांनी मेंदूला सूज असल्याचं सांगितलं. खोखो आता विसरा, म्हणाले, आणि पोरगी पहिल्यासारखी कधी होईल ते आत्ताच सांगता येणार नाही.

घर स्टेशनाला लागून. गाडीचा भोंगा वाजला की ती दोन्ही हातांनी डोकं धरायची. मग तिनं वेळापत्रकच पाठ करायचं ठरवलं. गाडीच्या आधी दोन मिनिटं कानात कापसाचे बोळे घालून बसायची. गाडी लेट असली की बोळे घालून ताटकळत बसावं लागायचं. त्या काळात रेल्वेला तिनं दिलेल्या शिव्या मी इथं लिहू शकत नाही.

एकदा मी दारात पोचलो तेव्हा आतून थाळी आपटल्याचा आवाज आला. पाठोपाठ तिचा आवाज. "डोकं माजं आयकत न्हाई, आई. मी काय करू?" मी चपला न काढताच परत फिरलो. नंतर तिची आई म्हणाली, सांडलेलं वरण पोरीनं स्वतः पुसलं. मधेमधे बसत, पुसायला अर्धा तास लागला, पण कोणाला हात लावू दिला नाही.

मग एका संध्याकाळी ती टोपी घालून मैदानावर आली. फक्कीच्या रेघेवर, टाचेला अंगठा लावत, एका खांबापासून दुसऱ्या खांबापर्यंत चालायचं, असा व्यायाम तिला डॉक्टरांनी सांगितला होता. जी पोरगी हे अंतर डोळ्याचं पातं लवायच्या आत कापायची, ती पहिल्या दिवशी तिसऱ्या चौकोनापाशी डगमगली आणि माझी बाही धरून उभी राहिली. "घाई न्हाई, सर," ती मलाच म्हणाली.

ती रोज येऊ लागली. वर्ष बुडालं म्हणून पुन्हा नववीत, धाकट्या पोरींबरोबर बसली. एका वेळी अर्धं पान वाचायची, डोळे मिटायची, पुन्हा अर्धं. मी आयुष्यभर पोरांना जिद्द शिकवायचा पगार घेतला. जिद्द म्हणजे काय ते मला या पोरीनं दाखवलं.

असंच एकदा ती रेघेवर चालत असताना मी कौतुकानं म्हणालो, "इतकं लागलं होतं, पण मला तू पहिल्याच दिवशी ओळखलंस."

ती थांबली आणि हसली. "तवा मी कोनालाच वळखत नव्हते, सर. न्हाई म्हनलं की लोकांचं तोंड उतरायचं, आई रडायची. वळखलं म्हनलं की बसायचे, चहा प्यायचे, जायचे."

"मग मला सर कशी म्हणालीस?"

"गळ्यात शिट्टी व्हती तुमच्या."

इतके महिने मी ज्या शब्दावर दिवस काढले होते, तो शब्द शिट्टीला म्हटलेला निघाला. मग इतके दिवस न बोललेलं बोललो. "मी तुला परत पाठवायला नको होतं."

असू द्या, असं ती म्हणेल असं मला वाटलं होतं. ती चार पावलं चालली. "न्हाईच पाठवायचं व्हतं," ती म्हणाली. "मंग आता कोनाला पाठवू नका."

पुढच्या सामन्यात आमची एक मुलगी डोक्यावर पडली. ठीक हाय म्हणत उभीही राहिली. मी तिला बाहेर काढलं आणि आम्ही एका गुणानं हरलो. परतताना जीपमध्ये मुख्याध्यापक माझ्याकडे पाठ करून बसले. पण आमची जुनी कर्णधार सामना पाहायला आली होती. त्या मुलीजवळ लिंबाखाली बसून तिनं काही म्हणजे काही विचारलं नाही. उलट स्वतःचीच ओळख सांगितली. "मी तुज्याच वर्गातली. तू पडलीस. सर हितंच हायेत. बस निवांत."

ती पुन्हा सामना खेळली नाही. पण दहावीच्या हिवाळ्यात, आम्ही त्यांच्या ओट्यावर चहा पीत असताना, गाडी भोंगा वाजवत गेली आणि ती बोलतच राहिली. आईनं माझ्याकडे पाहिलं. कापूस कोनाड्यातच होता.

पुढं ती शेतकी शिकली, जालन्याला बियाण्यांच्या कंपनीत लागली, आणि मैदानाकडे येणं संपलं. मीही निवृत्त झालो. संध्याकाळी अजून त्या रेघेकडे पाहत बसतो.

परवा जालन्याच्या बसस्टँडवर अंबडच्या गाडीची वाट पाहत उभा होतो. मोतीबिंदूचा काळा चष्मा, पांढरी दाढी, कानाला मफलर. घरचेसुद्धा दचकतात मला पाहून. बाकावरची एक बाई पिशवी उचलून उठली.

"वळखलं, सर," ती म्हणाली. "बसा."

माझा हात आपसूक गळ्याकडे गेला. शिट्टी निवृत्तीच्या दिवशीच कपाटात ठेवली होती.