बसता, की बसावं लागतं?

“गुरुजी, रात्री झोपता कसे?” डॉक्टरांनी विचारले.

“फारसा झोपत नाही. ध्यानाला बसतो,” हे म्हणाले.

“बसता, की बसावं लागतं?”

ह्यांनी माझ्याकडे पाहिले, मग खिडकीबाहेर पाहत राहिले. माझे यजमान आमच्या अंथुर्णे गावच्या शाळेचे हेडमास्तर. बारामतीच्या त्या दवाखान्यात ते वर्गात उत्तर न आलेल्या मुलासारखे बसले होते.

डॉक्टरांनी त्यांना टेबलावर उताणे निजायला सांगितले. हे निजले. थोड्याच वेळात नाकपुड्या फुलल्या, ओठांवर निळसर छटा आली आणि हे हाताचा टेका घेऊन उठून बसले. डॉक्टरांनी त्यांच्या नडगीवर अंगठा दाबून धरला. अंगठा काढल्यावरही तिथे खळगा तसाच राहिला. मग त्यांनी छातीला नळी लावली आणि पुष्कळ वेळ ऐकले. इतका वेळ, की मला भीती वाटू लागली.

लहानपणी सांधे सुजून ताप आला होता का, असे त्यांनी विचारले. ह्यांना आठवत नव्हते. बाहेर बाकावर माझ्या सासूबाई बसल्या होत्या. आम्ही सुना त्यांना आत्याबाई म्हणतो. त्यांना आत बोलावले.

“आला हुता की,” आत्याबाई म्हणाल्या. “धा वर्साचा असंल. आज ह्या गुडघ्यात, उद्या त्या गुडघ्यात दुखायचं. शेकून शेकून बरा केला म्या.”

डॉक्टर म्हणाले, आजाराचे नाव मायट्रल स्टेनोसिस. हृदयाच्या डाव्या बाजूला दोन कप्प्यांच्या मध्ये एक झडप असते. सांध्यांच्या त्या तापात तिला इजा होते आणि पुढे वर्षानुवर्षे ती आखडत जाते. आत्याबाईंना कळावे म्हणून त्यांनी कॅनॉलचा दाखला दिला. दार गंजले, अर्धेच उघडते. मग मागे पाणी तुंबते. इथे रक्त फुप्फुसांत तुंबते. माणूस आडवा झाला की जास्तच तुंबते आणि दम कोंडतो. उठून बसले की जरा मोकळे वाटते. आता हृदय थकले आहे, त्याला कन्जेस्टिव्ह हार्ट फेल्युअर म्हणतात. फेल्युअर म्हणजे बंद पडणे नव्हे, कामाला कमी पडणे.

“म्हणजे ते ध्यान नव्हतं,” हे म्हणाले. प्रश्न नव्हता तो.

ही गोष्ट माळेगावला साखर कारखाना उभा राहण्याची बोलणी चालू होती त्या काळातली. आमच्या भागात ध्यान ही घरगृहस्थी असलेल्या माणसाची गोष्ट समजत नाहीत. लोक भजनाला बसतात, एकादशी करतात. डोळे मिटून एकटे बसणे हे संन्याशाचे काम. ह्यांनी मात्र तरुणपणी योगावरची पुस्तके वाचली होती आणि पहाटे शाळेआधी बसण्याची सवय लावून घेतली होती. भजन चौघांत मिसळायला असते, ध्यान स्वतःला भेटायला, असे ते म्हणत. मला ते नीटसे कळत नसे. त्यांच्या चेहऱ्यावर आलेला निवांतपणा मात्र दिसत असे.

पुढे पुढे ते रात्रीही बसू लागले. आडवे झाले की छातीवर ओझे येते, बसले की उतरते, असे त्यांनीच मला सांगितले होते. ध्यानाने उतरते, असे त्यांना वाटले. मलाही तेच वाटले, दुसरे काही वाटण्याचे कारणच नव्हते. कधी मिटल्या डोळ्यांपुढे उजेडाचे ठिपके येत, अंग हलके होई. पुस्तकांतही तसेच लिहिलेले होते.

शेजारचे सोपानतात्या वांगी-टोमॅटो काढून बारामतीच्या बाजाराला नेत. पहाटे गाडी जुंपायला उठले की त्यांना आमच्या ओसरीवर हे बसलेले दिसत. गुरुजींनी झोप जिंकली, ही बातमी त्यांनीच गावात नेली. पहिला नारळही त्यांनीच आणून ठेवला. मग बायका कडेवरची पोरे पायांवर घालू लागल्या. ह्यांना ते अजिबात आवडत नव्हते असे लिहिले तर ते पुरते खरे होणार नाही. आत्याबाईंना तर आभाळ ठेंगणे झाले होते.

डॉक्टरांनी ह्यांना दवाखान्यातच ठेवून घेतले. खाटेवर एक खुर्ची उलटी घालून तिच्या पाठीला उशा लावल्या आणि ह्यांना टेकवून बसवले. डिजिटॅलिस सुरू झाले. ते एका झाडाच्या पानांपासून काढलेले औषध. त्याने हृदयाचे ठोके सावकाश आणि जोरकस होतात. म्हणून प्रत्येक वेळी आधी नाडी मोजत. पाऱ्याचे इंजेक्शन देत, त्याने अंगातले पाणी लघवीवाटे जाई. मीठ बंद. बोलणे कमी. श्वास रोखून धरण्याचा प्राणायाम कायमचा बंद.

दिवस वाट पाहण्यात जात. डॉक्टर कधी येतील, सूज उतरली का, दौंडच्या छोट्या गाडीने पुण्याला नेऊन एक्स-रे काढावा लागेल का. तो काढावा लागला. तिथल्या लांबलचक बाकावर मी एवढी वाचणारी बाई, पण सोबत नेलेल्या पुस्तकाचे पान उलटले नाही. एक्स-रेत हृदय मोठे झालेले दिसले. मुंबईत अशा झडपेवर शस्त्रक्रिया करू लागले आहेत असे तिथल्या मोठ्या डॉक्टरांनी सांगितले, आणि ह्यांच्या शरीराला ती आता सोसणार नाही, हेही सांगितले.

बारामतीला परत आलो. औषधाने सूज बरीच ओसरली आणि एका दुपारी हे टेकल्या टेकल्या झोपले. तोंड उघडे, चक्क घोरत होते. आत्याबाई पंखा हलवत मला म्हणाल्या, “किती दिसांनी निजला गं.”

दुसऱ्या दिवशी फेरीला आलेल्या डॉक्टरांना ह्यांनी विचारले, “मग तो उजेड काय होता? आणि ती शांती?”

डॉक्टर खाटेच्या कडेवर बसले. “मेंदूला रक्त कमी पडलं की उजेड दिसू शकतो, गुरुजी. शांतीचं मला सांगता येणार नाही. ह्या नळीतून ती ऐकू येत नाही.”

डॉक्टरांनी ते आदराने म्हटले. पण ह्यांना लागायचे ते लागले. डॉक्टर गेल्यावर मला म्हणाले, “अगं, इतकी वर्षं मी नुसता दम लागतो म्हणून बसलो होतो का?”

माणूस जाणार, हे मला एव्हाना कळले होते. पण जाताना हा प्रश्न घेऊन जाऊ नये, एवढी एकच इच्छा माझ्या मनात उरली. त्यांनी डोळे मिटणे सोडूनच दिले. छताकडे पाहत टेकून राहत. आजारापेक्षा मला ते पाहणे जड गेले.

सोपानतात्यांनी गाडीत गवत पसरून वर गादी घातली आणि आम्हांला घरी आणले. गाव ओसरीवर जमले. गुरुजी अळणी खातात, बोलत नाहीत, बसूनच असतात. लोकांनी त्याचा अर्थ लावून ठेवला होता. मीठ सोडलेय, मौन धरलेय, आसन सोडत नाहीत. डॉक्टरांचा एकेक उपचार गावात तप झाला होता.

हे सगळ्यांसमोर म्हणाले, “तात्या, मला आडवं होता येत नाही. दम लागतो. हे ध्यान नव्हे, आजार आहे.”

तात्या कौतुकाने हसले. “मोठी माणसं आसंच म्हणत्यात, गुरुजी. आमी काय खुळं हाय व्हय?”

हे जितके नाकारत, तितके लोक हात जोडत. शेवटी दमून गप्प बसले, तर तेही मौनात जमा झाले. त्या दिवशी आम्ही दोघे थोडे हसलो. हसल्याने त्यांना खोकला आला.

आत्याबाई रोज दुपारी त्यांचे पाय मांडीवर घेऊन बसत आणि बोलत राहत. त्यांचे बोलणे म्हणजे माहेरचे बैल, थोरल्या जावेचा खवटपणा, कुठल्याशा सालातली पडलेली विहीर. पूर्वी हे त्या वेळी पुस्तक उघडत किंवा डोळे मिटून घेत. आता ऐकत. एका दुपारी आत्याबाई उठून गेल्यावर मला म्हणाले, “आज आईचं बोलणं पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकलं. मधे माझं काही आलंच नाही. उजेड नाही, काही नाही. पण बसून शोधत होतो ते इथंच होतं.”

“म्हणजे वाया गेलं नाही?” मी विचारले.

“नाही. एवढं ऐकता यायला तेवढं बसावंच लागलं असेल.”

मी त्यांच्यासाठी शोधत होते ते उत्तर त्यांचे त्यांनाच सापडले.

हे वाचणाऱ्यांपैकी कोणाच्या घरी असे बसणारे माणूस असेल, तर मला एवढेच सांगायचे आहे. त्याचे ध्यान मोडू नका. पण दिवसाउजेडी एकदा त्याला उताणे निजायला सांगा आणि जवळ बसून पाहा. निजता येत नसेल, पायांवर सूज असेल, तर डॉक्टरांकडे न्या. ध्यानाने माझ्या यजमानांचे मन स्थिर राहिले, घाबरलेले हृदयही त्याने थोडे निवते, असे डॉक्टर म्हणाले. झडप मात्र त्याने उघडत नाही. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि एकीने दुसरी खोटी पडत नाही. मला हे कळायला फार किंमत पडली.

सुगी आटोपत आली तेव्हा सूज पुन्हा चढली. इंजेक्शनाने उतरेना. एका दुपारी, उलट्या खुर्चीला टेकलेले असतानाच, श्वास दोनदा अडखळला आणि थांबला. आत्याबाई शेजारीच होत्या. त्यांचे बोलणे अर्ध्यावर राहिले.

गाव जमले. सोपानतात्या आणि चार वडीलधारी माणसे बाजूला होऊन बोलली आणि मग तात्या पुढे आले. असा पुरुष जाळायचा नसतो, म्हणाले. साधूला बसवून पुरतात, तशी गुरुजींना समाधी द्यायची. मळ्याच्या बांधाजवळची आपली जागा ते देत होते. अंग ताठायच्या आत मांडी घालायला हवी होती. रडत रडत तात्यांनी ह्यांचा उजवा पाय हातात घेतला, गुडघ्यात दुमडला.

एवढ्या लोकांपुढे नवऱ्याविषयी बोलायची मला सवय नव्हती. आणि मुलाला गाव साधू मानते, याचा सगळ्यांत मोठा अभिमान आत्याबाईंनाच होता.

आत्याबाई सरकत पुढे आल्या. त्यांनी तात्यांच्या मनगटावर हात ठेवला.

“पाय सोडा त्येचा, तात्या. लई बसला त्यो. आता निजू द्या.”

तात्यांनी पाय हळूच सरळ केला. दोघांनी खांद्याला धरले, मी मागची खुर्ची ओढून काढली, उशा काढल्या. हे उताणे निजले. आत्याबाईंनी त्यांचे डोके नीट केले आणि अर्धवट राहिलेले बोलणे, अगदी हलक्या आवाजात, पुढे सुरू केले.