चौकशीचा फोन

राव, हसायचं तर आत्ताच हसून घ्या. शेवटाला माझं मलाच हसू आलं नव्हतं.

पिंपरी कॅम्पात आमच्या समोरच्या दारात जितू राहतो. माझा जिगरी. घर सिंधी, चौघांचं, पाकिस्तानातून आलेलं. बारा वर्षं झाली, अजून व्हिसावरच. नागरिकत्वाचा अर्ज टाकलाय. पोलीस घरी येऊन चौकशी करणार, मग कागद पुढं सरकणार. त्यांच्या देवाच्या फळीवर देव कडेला आणि फाइल मधोमध! गोव्याच्या सहलीला जितू आला नाही. मला वाटलं, भित्रा आहे. व्हिसावाल्यांना शहराबाहेर जायला परवानगी लागते हे कुणाला माहिती?

मी दहावी नापास, पण आवाज काढण्यात पहिला नंबर. शनिवारी सकाळी नव्या सिमवरून जितूच्या पप्पांना, म्हणजे काकांना, फोन लावला. "चौकीतून बोलतोय! आज चौकशीला येतोय. सगळे घरी हजर पाहिजेत!"

"जी साहेब! हो साहेब!"

काकांनी दुकान बंद ठेवलं. जितूनं क्लासची परीक्षा बुडवली. त्याच्या अम्मानं ठेवणीतले कपडे काढले, चहाचं आधण सात वेळा चढवलं. दिवसभर सगळे दाराकडं बघत बसलेले!

संध्याकाळी मी त्याच आवाजात बोलत त्यांच्या घरात शिरलो. "काय, साहेब आले का?"

जितूनं शिवीपण दिली नाही. काका एवढंच म्हणाले, "बेटा, मजाक अच्छा था." आणि फाइल परत फळीवर ठेवली.

तिथंच संपलं असतं तर बरं होतं ना?

सोमवारी खरा फोन आला. आवाज माझ्यासारखाच जाड! उचलला जितूनं. "ए माकडा, आता नाय फसणार! ये तू चौकशीला, चपलेनं पूजा करतो!" कट.

आणि जितू वळून बघतो तर मी समोरच्या दारात दात घासत उभा. हातात ब्रश. फोन नाहीच!

दोघंही पांढरे पडलो.

काका अनवाणीच चौकीकडं धावले. मागं जितू, मी आणि माझा कान धरून माझे पप्पा.

"काढ तो आवाज," सगळं ऐकून हवालदार म्हणाले.

काढला. घशातून शेळी निघाली.

"बारा वर्षं ही माणसं एका फोनची वाट बघतायत," ते हळू म्हणाले. "तो तू केलास?"

मी काकांच्या अनवाणी पायांकडं बघत राहिलो. फाइल त्यांनी छातीशी धरलेली.

हवालदारांनी कागद ओढला. पप्पांना म्हणाले, "तुम्ही शेजारी ना? जबाब द्या. यांचं वागणं कसं?"

"एकदम चांगलं."

"आजूबाजूला कुणाचा त्रास?"

"यांचा नाही साहेब," पप्पांनी माझ्याकडं बोट केलं. "याचा!"

हवालदारांनी तेही लिहून घेतलं राव!

आता ती फाइल दिल्लीला जाणार. पाकिस्तानातून आलेल्या चौघांचं वागणं चांगलं. त्रास फक्त एकाचा, आणि तो पिंपरीत जन्मलेला.