साच्यांची आद्याक्षरं

मला याद्या करायची सवय लहानपणापासूनची. नव्वदच्या दशकात पुण्याहून बंगळूरला नोकरीसाठी आले, तेव्हा कोणत्या बॅगेत काय आहे याचीही यादी केली होती. इंदिरानगरात एका घराच्या पहिल्या मजल्यावर आमचं छोटंसं ऑफिस होतं. दोन गल्ल्या सोडून मी खोली घेतली. घरमालकीण पिढ्यान्‌पिढ्या इथेच राहिलेल्या मराठी घरातली. सगळे तिला अक्का म्हणत, मीही म्हणू लागले.

अमेरिकेतल्या एका गिऱ्हाइकासाठी आम्ही प्रोग्राम लिहायचो. त्यात माहितीचे साचे असतात, त्यांना आम्ही टाइप म्हणायचो. खातेदाराचा एक, पावतीचा एक, असे पुष्कळ. साच्याचं नाव एका फाइलीत दिसायचं आणि साचा भलत्याच फाइलीत लिहिलेला असायचा. तो हुडकण्यात सकाळ जायची. म्हणून शेजारच्या टेबलावरच्या पुणेकराने आणि मी एडिटरला, म्हणजे प्रोग्राम लिहायच्या साधनाला, जोडायचा एक लहानसा प्रोग्राम लिहिला. नावावर कर्सर ठेवून कळ दाबली की मूळ साचा समोर उघडायचा. ते काम पुरं होईपर्यंत आमचं लग्नही ठरल्यात जमा झालं होतं.

ऑफिसात एक नियम होता. प्रत्येक साच्याच्या नावाआधी तो सांभाळणाऱ्याची आद्याक्षरं लावायची, म्हणजे चूक निघाली की हाक कुणाला मारायची ते कळे. नोकरी सोडणाऱ्याने जाताना आपले साचे कुणाकडे तरी सोपवायचे आणि नावं त्याच्या आद्याक्षरांनी बदलून द्यायची.

"लग्नानंतर तुझं आडनाव बदलणार," तो एकदा म्हणाला. "म्हणजे तुझे सगळे साचे बदलत बसा. आपला प्रोग्राम वेडा होईल."

"मग तूच बदल की तुझी अक्षरं."

"आई घरात घेणार नाही मला."

"माझ्या घरी ये. आम्ही घेऊ."

मग गिऱ्हाइकाने त्याला सहा महिन्यांसाठी बोलावून घेतलं. आल्यावर साखरपुडा करायचा असं दोन्ही घरी ठरलं. तो त्याचं काम टेपवर भरून कुरिअरने पाठवायचा आणि मी ते आमच्या मशीनवर चढवायचे. सहा महिन्यांचे आठ झाले. त्याचे फोन आखूड होत गेले. मी मात्र साड्यांची, पाहुण्यांची, हॉलवाल्यांची यादी करत होते.

"काय गं, तुझा तो पुणेकर कधी येतो?" अक्का जिन्यातच गाठायची. "स्वल्प लवकर सांग. आमच्या भावाचा हॉल आहे, पण मुहूर्ताला मिळत नाही हं."

"येईल, अक्का. काम लांबलंय."

"सरी, बरं. काम काय, लांबतंच. मुहूर्त थांबत नाही."

पुढची टेप आली. मी ती चढवली, माझी एक फाइल उघडली, त्याच्या एका साच्याच्या नावावर कर्सर ठेवून कळ दाबली. पडद्यावर खाली ओळ आली: सापडला नाही. दुसऱ्या नावावर दाबली. सापडला नाही. त्याच्या अक्षरांचा एकही साचा सापडेना. माझे सगळे सापडत होते.

मी लगेच कारणांची यादी केली. फोल्डरचा रस्ता चुकला असेल. टेप अर्धीच उतरली असेल. आम्ही लिहिलेल्या शोधात कुठे तरी खोट असेल. एकेक तपासत, खोडत गेले. शोधाचा भाग तर पुन्हा नव्याने लिहून काढला, आधीचा चांगला चालत असताना. दुसऱ्या दिवशी सकाळी, सगळ्या फाइली तपासून जोडणाऱ्या कंपायलरनेही तेच सांगितलं: हे साचे इथे नाहीत. आता एकच शक्यता उरली, जी मी यादीत घातलीच नव्हती.

मी टेपवरची त्याची फाइल स्वतः उघडली. साचे होते. सगळे जागच्या जागी, कंसाआधी एक जागा सोडायची त्याची सवय होती तशीच. फक्त प्रत्येकाच्या नावाआधी माझी अक्षरं होती.

मी उठून मॅनेजरच्या खोलीत गेले. ते म्हणाले, "तुम्हाला माहीत असेल असं वाटलं मला. त्याने तिकडेच नोकरी धरली. राजीनामा आलाय." मग, मला बरं वाटावं म्हणून असावं, "सगळं तुमच्याकडे सोपवून गेलाय. अगदी नीट."

"हो," मी म्हणाले, "नीटच असतं त्याचं काम."

संध्याकाळी अक्काला सांगितलं, हॉल नको. तिने जिन्यातला दिवा लावला आणि मी वर जाईपर्यंत खाली उभी राहिली.

नंतर माझ्या फाइलींतली त्याची अक्षरं मीच बदलली, नियमाप्रमाणे. आमचा प्रोग्राम पुन्हा सुरळीत चालू लागला. त्याच्या कुठल्याही साच्यावर कर्सर ठेवून कळ दाबली की प्रोग्राम क्षणात त्याने लिहिलेल्या ओळींवर नेऊन सोडायचा आणि वर माझी अक्षरं दिसायची. पुढे एक नवी मुलगी रुजू झाली. फाइली चाळून तिने विचारलं, "मॅडम, हे सगळं तुम्ही लिहिलंत?"

मी हो म्हणाले.