औषधाला ऊन लागलं

माणसावर विश्वास ठेवायला आमच्या स्टोअरवाल्या चाचांना दोन मिनिटं पुरत. औषधाच्या बाटलीवर ठेवायला मात्र उभा जन्म कमी पडे. तिन्ही मुलींची स्थळं त्यांनी एकेका चहावर पसंत केली. पण मोतीबिंदूच्या ऑपरेशनच्या शेवटी डोळ्यात सोडायच्या अँटिबायोटिकचं खोकं आलं, की निघालं कधी, थांबलं कुठं, सील कुणी हाताळलं, अशी चौकशी चाले, जी त्या तिन्ही जावयांची मिळूनही झाली नव्हती. उमरखेडच्या आमच्या डोळ्यांच्या दवाखान्यात मी थिएटरची सिस्टर आणि चाचा औषधांचे राजे. राज्य म्हणजे एक खोली, एक एसी आणि दोन थर्मामीटर. दोन कशाला, असं विचारलं की म्हणत, "एक खोटं बोललं तं दुसरं चुगली करते."

त्या औषधाला गरम चालत नाही, गोठलेलं चालत नाही, उजेडही चालत नाही. म्हणून खिडकीला काळा कागद. एकदा सोयीचं पडावं म्हणून मी सकाळीच सगळ्या डब्या फोडून बाटल्या ट्रेमध्ये ओळीनं मांडल्या. चाचा दारातच थिजले. "बेटा, कपडे काहून काढले त्याईचे?" त्यांचा स्वतःचा जेवणाचा डबा मात्र व्हरांड्यात दिवसभर उन्हात तापे. आंबलेली भाजी ते निवांत खात आणि म्हणत, "पोटाले सवय हाय. डोळ्याले नाई."

एका मे महिन्यात फुलसावंगीकडचे म्हातारे-म्हाताऱ्या ऑपरेशनला आले होते. जुना साठा संपलेला, नवं खोकं त्याच सकाळी आलं. चाचांनी ते हातात घेतलं, गालाला लावलं आणि आणणाऱ्याकडे पाहिलं. तो कबूल झाला: काल दुपारपासून खोकं गाडीच्या टपावर होतं. चाचांनी खोकं कपाटात टाकून कुलूप लावलं.

डॉक्टर धावत आले. "चाचा, सील शाबूत आहे, औषध स्वच्छ दिसतंय, तारीख दोन वर्षं पुढची आहे!"

"ते तारीख सावलीतली हाय, साहेब. उन्हातली तारीख कोन लिहिते?"

"बाहेर अठरा माणसं बसलीयत."

"मले दिसून राह्यले. म्हनूनच नाई देत."

आता हे त्या अठरांना सांगायचं कुणी? आम्ही सगळेच एकाएकी कामात गढून गेलो. गेले ते चाचाच. एका म्हातारीसमोर फरशीवर बसून म्हणाले, "माय, औषधाले ऊन लागलं. तीन दिवस थांबा लागते."

म्हातारी उसळली. "औषधाले ऊन लागते? मले तं जलमभर लागून राह्यलं, मले काय झालं? परवा माह्या नातीचं लगन हाय. मले तिचं तोंड पाहाचं होतं!"

चाचा तिचं गाठोडं उचलून तिला एस.टी.त बसवून आले.

चौथ्या दिवशी थंड खोकं आलं, ऑपरेशनं झाली, सगळ्यांचे डोळे निर्मळ उघडले. म्हातारीचाही. नातीचं लग्न तोवर धुक्यात होऊन गेलं होतं. परत पाठवलेल्या खोक्याच्या बदल्यात कंपनीनं मुकाट्यानं दुसरं दिलं. पहिलं खरंच बिघडलं होतं की नव्हतं, हे कुणी तपासलं नाही, कुणी कळवलं नाही. डॉक्टर पुढं चाचांची शिस्त पाहुण्यांना कौतुकानं सांगू लागले; चाचा तेवढ्यापुरते खोलीत जाऊन बसत. मी एकदा विचारलं, "चाचा, ते औषध चांगलंच असतं तर?"

"तं तिनं लगन पाह्यलं असतं," एवढंच म्हणाले आणि थर्मामीटर पुसायला लागले.

चाचा निवृत्त झाले. यंदा त्यांच्याच डोळ्यात मोतीबिंदू पिकला. टेबलावर ते आमची उलटतपासणी घेणार, म्हणून आम्ही पाठांतर करून बसलो होतो. त्यांनी काही विचारलं नाही. माझा हात तेवढा घट्ट धरून ठेवला.

दुसऱ्या दिवशी पट्टी मी सोडली. चाचांनी डोळा मिचकावला, छताकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"बेटा," ते हळूच म्हणाले, "तुहे केस कवा पांढरे झाले?"