झाकलेला डबा

काल फोनवर तू कुरकुरत होतीस, की तुमच्या कॉलेजातल्या मुलींच्या मंडळात नावं भरपूर आहेत, पण बैठकीला कुणी फिरकत नाही. तुझ्या भावाने मागून ओरडून पिझ्झा मागवायला सांगितलं. तो अगदीच चुकला नाही, पण त्यात एक गोम आहे.

एकोणीसशे सत्तरनंतरच्या पहिल्या एक-दोन वर्षांत मी संगमनेरला बी.ए. करत होते आणि मुलींच्या वसतिगृहात राहत होते. तिथे आम्ही इंग्रजी संभाषण मंडळ काढलं. रेक्टरबाईंनी मेसच्या मागची छोटी खोली दिली. अख्ख्या वसतिगृहात मोकळेपणी हसता येईल अशी ती एकच जागा होती. चिटणीस अर्थातच मी. फळ्यावर सुवाच्य अक्षरात विषय लिहायचा, सभा ठरल्या वेळी सुरू करायची, मागच्या सभेचा वृत्तान्त वाचायचा, सगळं चोख. दसऱ्यापर्यंत माझ्यासमोर एकटी माझी खोलीतली मैत्रीण उरली. श्रीगोंद्याकडच्या ऊसवाल्यांची मुलगी. तिच्या निष्ठेचं मला फार कौतुक वाटायचं. एकदा तसं बोलून दाखवलं, तर म्हणाली, "तुज्या सभेत झोप लई ग्वाड लागती."

त्याच सुमारास रेक्टरबाईंनी बजावलं, की खोली ओस पडणार असेल तर तिथे ज्वारीची पोती ठेवते. काही शनिवारांची मुदत दिली आणि शेवटच्या शनिवारी स्वतः बघायला येईन म्हणाल्या.

मी मुलींना मंडळाचे फायदे समजावत दारोदार फिरले. मैत्रीण मात्र खाटेवर लोळत म्हणाली, "भोंडल्याला याच पोरी पळत आल्या हुत्या. कशापायी?"

खिरापतीपायी. भोंडल्याची गाणी संपली की झाकलेल्या डब्यात काय आहे ते ओळखायचं आणि मगच खायचं. आम्ही तेच उचललं. दर शनिवारी एकीने डबा आणायचा. विषयावर चार वाक्यं बोलेल तिलाच तो कानाशी धरून हलवता येणार, आणि ओळखायचं इंग्रजीतून. करंजीला कुणी साखर भरलेली होडी म्हणे, शंकरपाळ्याला कुणी गोड पतंग. पुढच्या काही शनिवारांत खोलीत जागा पुरेना, मुली खिडकीत बसायला लागल्या.

शेवटच्या शनिवारी डबा मैत्रिणीचा होता. घरून शेंगदाण्याचे लाडू आलेत, एवढं मला माहीत होतं. विषय मीच ठेवला होता: वसतिगृहात शिस्त हवी का? रेक्टरबाई येऊन मागच्या बाकावर ताठ बसल्या. मुली जपून बोलल्या. ओळखायची वेळ आली, तेव्हा मैत्रिणीने डबा मांडीत घट्ट धरला आणि आज हलवायचा नाही म्हणून जाहीर केलं. खमंग वास तर सुटला होता. अंदाजावर अंदाज झाले. शेवटी बाईंनीही ओळखायला तोंड उघडलं, तशी ती अदबीने म्हणाली, "बाई, आधी इषयावर बोलावं लागतं."

बाई उठल्या. चष्मा पुसला आणि सफाईदार इंग्रजीत सांगितलं, की त्या शिकत होत्या तेव्हा त्यांच्या वसतिगृहात पहाटे प्रार्थनेची घंटा व्हायची. एका थंडीत त्यांनी त्या घंटेचा लोलक काढून लोणच्याच्या बरणीत लपवला. तो सापडेपर्यंत सगळं वसतिगृह रोज उजाडल्यावरच उठलं. हसावं की नको, आम्हाला कळेना. मग बाईच हसल्या आणि म्हणाल्या, "शेंगदाण्याचे लाडू."

मैत्रिणीने झाकण काढलं. डब्यात कणही नव्हता.

बाईंनी डबा उलटा करून पाहिला.

"हे काय गं?"

"भरल्याला असता तर तुमी खाऊन उठला असता, बाई. आता फुडच्या शनिवारी यावंच लागंल."

बाईंनी डबा तिच्या हातात परत दिला. पोत्यांसाठी आपण दुसरी जागा बघू, म्हणाल्या. "पण पुढच्या शनिवारी डबा हिचाच. आणि घंटेची गोष्ट या खोलीतच राहील."

मला मैत्रिणीच्या हुशारीच्या कौतुकाचं भरतं आलं. जिन्यात मी तिला मिठी मारली, तेव्हा तिच्या तोंडाला भाजलेल्या शेंगदाण्यांचा ताजा वास येत होता.

"डोकं चालाया पोटात काय तरी लागतं का न्हाई?" ती म्हणाली.

तेव्हा पिझ्झा मागवा, पण खोका शेवटपर्यंत उघडू नका. आणि तो तुझ्या भावाच्या मांडीवर मुळीच ठेवू नकोस.