जमीन आडवी येते

"आपण सगळे पडतच असतो, ताई. जमीन आडवी येते म्हणून कळत नाही."

सर खुर्चीत बसण्याआधी चपला काढायचे, दोन्ही पाय फरशीवर टेकवून जरा थांबायचे आणि हे म्हणायचे.

माझं अक्षर वेडंवाकडं आहे आणि शुद्धलेखन चौथीतच सुटलं. तेवढं सांभाळून घ्या. तुम्हीही असा एखादा माणूस पाहिला असेल, ज्याच्याजवळ उभं राहिलं की आपण कशावर उभे आहोत ते आधी आठवतं.

मी गंगापूर रोडला त्यांच्याकडे स्वयंपाकाला होते. सर जन्माने पंचवटीतले. तरुणपणी परदेशी गेले, तिथलेच नागरिक झाले. वस्तू एकमेकींना कशा ओढतात ते मोजायचं त्यांचं काम. त्या काळी असं करणारे थोडे होते, लोक हसायचे म्हणे. तिकडची बायको वारल्यावर म्हातारपणी एकटेच नाशिकला परत आले.

त्यांच्या सत्काराला इथले लोक शाल-नारळ घेऊन यायचे आणि 'आपले' म्हणायचे. तिकडचे लोक कॅमेरा घेऊन यायचे, तेही 'आपले' म्हणायचे. सर दोघांना चहा द्यायचे. सोसायटीचे सेक्रेटरी मुद्दाम मॅच बघायला येऊन बसत. कुठल्या देशासाठी टाळी वाजवता ते बघतो म्हणत. सरांनी कधी वाजवली नाही. "मी चेंडू बघतो," म्हणायचे. "वर गेलाय, आता कुठे पडतो ते."

मागच्या खोलीच्या खिडक्या कायम बंद असत. आत बारीक तारेला एक आडवी काठी टांगलेली होती. दोन टोकांना शिशाचे गोळे, मध्ये आरशाचा तुकडा. आरशावर दिवा सोडला की उजेडाचा ठिपका समोरच्या भिंतीवर पडायचा. पहिल्यांदा मी दाराशी उभी राहिले आणि तो ठिपका हळूहळू सरकायला लागला. मी दाराची चौकट धरली.

"घाबरू नका," सर म्हणाले. "गोळा तुमच्याकडे वळतोय. तुम्हालाही वजन आहे ना."

लग्नकार्यातसुद्धा माझ्याकडे कुणी वळून बघत नाही. त्या दिवशी घरी जाताना मी पाऊल जपून टाकत होते.

एका दुपारी त्यांनी मला हाक मारली. दोघं बाहेरूनच बघत होतो. खोलीत कुणी नव्हतं, आणि ठिपका भिंतीच्या कडेला जाऊन उभा होता. रस्त्यावरून ट्रक गेला असेल, मी म्हणाले.

"ट्रक जातो, ताई. हे थांबलंय."

त्यांनी दोन कप चहा करायला सांगितला. दुसरा कप माझा असेल असं मला वाटलं. त्यांनी तो समोरच्या रिकाम्या खुर्चीपुढे ठेवला. त्या चहावर साय धरली.

मग त्यांनी आईचं सांगितलं. परदेशाचं नागरिकत्व घेतलं तेव्हा ती रागाने म्हणाली होती, मेल्यावर मला पाणी कोण देणार, परका माणूस? पुढे ती गेली तेव्हा सर आले नाहीत. परत येऊन इतका काळ झाला, तरी रामकुंडावर पाय ठेवला नव्हता. तिथे देश विचारतात, मी काय सांगू, म्हणाले. एवढा मोजमापं करणारा माणूस, पण हे त्यांच्या मनातून जाईना.

मीच त्यांना रिक्षाने घेऊन गेले. गुरुजींनी संकल्प सुरू केला. 'भरतखंडे' हा शब्द आला आणि सरांनी हात मागे घेतला. मी आता इथला नाही, माझा कागद दुसरा आहे, असं सांगू लागले.

"आजोबा, मी मागितलाय का कागद?" गुरुजी म्हणाले. "हा पत्ता तुमचा नाही. आपण बसलोय त्या जागेचा आहे. गेलं कोण, तेवढं तुम्ही सांगा."

सरांनी आईचं नाव घेतलं. अंगठ्याच्या बाजूने पाणी सोडलं. पाणी पडलं ते मी पाहिलं, पण आवाज ऐकला नाही. गर्दी होती म्हणून असेल.

त्याच थंडीत सर गेले. शेवटी इतके हलके झाले होते की मी एका हाताने त्यांना उठवून बसवत असे. तिकडे त्यांची मुलगी होती. आईच्या कबरीशेजारी वडिलांची जागा घेऊन ठेवली आहे, म्हणून ती फोनवर फार रडली. तिचंही खरंच होतं. कागदपत्रं झाली, त्यांना विमानाने तिकडे न्यायला पेटी आली.

चार माणसं पेटी उचलायला वाकली. पेटी हलेना. आणखी दोघं आले, तरी हलेना. फरशीच्या कडेत अडकली का म्हणून त्यांनी खाली हात घालून बघितलं. काही अडकलं नव्हतं.

"लय जड हाय, मावशी," ओझरचा गाडीवाला मला म्हणाला. "कशात जीव ऱ्हायलाय बघा."

सगळे माझ्याकडे बघू लागले. मी चार माणसांत कधी बोललेली नाही. पदर सावरून खाली बसले, पेटीवर हात ठेवला. लाकूड गार होतं.

"सर, मुलगी वाट बघतेय. तुम्ही जा. इथलं पाणी दरवर्षी मी देईन."

मी उठून बाजूला झाले. गाडीवाल्याने एका बाजूने सहज हात लावून बघितला आणि पेटी वर आली. बाकीचे वाकायच्या आत त्याने आणि दुसऱ्या एकाने ती दोघांतच नेऊन गाडीत ठेवली.